बाप गेला की तपासणीही गेली

पेनसिल्व्हेनियातला बाप आपली हरणाच्या शिकारीची रायफल गाडीत घालतो, ओहायोत राहणाऱ्या मुलाकडे जातो आणि वाढदिवसाची भेट म्हणून त्याच्या हातात ठेवतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं हा गुन्हा आहे, मग मुलगा कितीही सज्जन असो. दोघांची राज्यं वेगळी, म्हणून रायफल आधी परवानाधारक विक्रेत्याकडे जायला हवी. मुलानं तिथं 4473 क्रमांकाचा फॉर्म भरायचा. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालीय का? घरातल्या माणसाला मारहाण केल्याबद्दल? अमली पदार्थांचं व्यसन आहे का? खोटं लिहिलं तर तो आणखी एक गुन्हा. नाव तपासून झालं की मगच शस्त्र ताब्यात.

आता तोच बाप तीच रायफल त्याच मुलाच्या नावे मृत्युपत्रात लिहून वारला असं धरा. केंद्रीय कायदा म्हणतो, विक्रेता नको, फॉर्म नको, तपासणी नको. मृत्युपत्र नसलं आणि वारसाहक्कानं आली तरी तेच.

ही सवलत मला मुळीच पटत नाही. ज्या कायद्यात ती आहे, तो रक्तातून जन्मला होता. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींवर चाललेली रायफल ओस्वाल्डनं शिकागोच्या दुकानातून खोट्या नावानं टपालानं डॅलसला मागवली होती. पुढं 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेले, आणि त्याच ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी या कायद्यावर सही केली. बंदूक बिनचौकशी राज्याची हद्द ओलांडू नये, हाच तर हेतू होता. मग वारशाला मोकळी वाट कशाला?

बचाव ठरलेला आहे: ज्याला बंदूक बाळगायला बंदी, त्याला वारशानं आलेलीही बाळगता येत नाही. खरं आहे. पण बघतो कोण? मृत्युपत्राची अंमलबजावणी बहुतेक घरातलंच कुणीतरी करतं. बायकोला मारल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाला 1996 पासून बंदूक बाळगायला बंदी आहे. पण वडिलांच्या तेराव्याच्या आत सख्ख्या भावाला ‘तुला ही मिळणार नाही’ असं सांगायचं ओझं बहिणीवर का? ते काम काउंटरपलीकडच्या परक्या माणसाचं आहे.

काही राज्यांनी आपापल्या परीनं बंदोबस्त केलाय. कॅलिफोर्नियात वारसाला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र लागतं आणि शस्त्राची नोंद 30 दिवसांत करावी लागते. पण राज्यागणिक नियम बदलतात.

आपल्याकडे वारसाला स्वतःच्या नावावर परवाना काढावा लागतो; तोवर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा. ठाण्याच्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्यांनी माणूस मेटाकुटीला येतो, ते सुधारायलाच हवं. पण हा वारस शस्त्र बाळगायला लायक आहे का, हा प्रश्न इथं विचारला तरी जातो.

आजोबांची रायफल नातवाकडून कुणी हिसकावून घ्या असं मी म्हणत नाही. त्या लाकडी दस्त्यावर आजोबांचा हात फिरलेला असतो, ती माया मला कळते. रायफल घरी नेण्याआधी एकदा विक्रेत्याच्या दुकानात थांबा, एवढंच मागणं आहे. अमेरिकी काँग्रेसनं ही सवलत काढून टाकावी.

आणि तिथल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट. अमेरिकन सासऱ्यांची किंवा नातलगाची बंदूक तुमच्या वाट्याला आली आणि तुम्ही एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल, तर ती ताब्यात घेऊ नका. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर अशा व्हिसावर बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. आधी वकिलाला विचारा, तोवर ती परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायला सांगा.