पितळेचा घोडा

प्रतिकृती सुपरकारचा मालक एकाच जागेत दोन गाड्या उभ्या करतो. वरची फेरारी, आतली टोयोटा. वरची रस्त्यावरच्या लोकांसाठी, आतली विमा कंपनीसाठी. या दोघींचे आपसात जमवून देण्यात त्याचे रविवार जातात.

ही जमात मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेत आढळते. जुन्या गाडीवर फायबरग्लासचे नवे अंग चढवण्याचा धंदा तिथे कित्येक दशके चालत आला आहे. जिच्यावर हे अंग चढते तिला ‘डोनर’ म्हणतात. शब्द रक्तदानातलाच, फक्त इथला दाता नंतर उठून चहा-बिस्किट घेऊन घरी जात नाही. अमेरिकेत हा मान बराच काळ पॉन्टिअ‍ॅक फिएरोकडे होता. १९८४ ते १९८८ या मॉडेल-वर्षांत निघालेल्या या गाडीचे इंजिन सीटच्या मागे, म्हणजे फेरारीच्याच जागी होते. बाहेरचे अंग प्लॅस्टिकचे, आतल्या पोलादी सांगाड्यावर अडकवलेले. ते उतरवले की सांगाडा उघडा पडतो. मग त्याची लॅम्बोर्गिनी काउंटाश करा नाहीतर फेरारी टेस्टारोसा. ब्रिटनमध्ये हीच सेवा टोयोटा एमआर-टू करते. तिच्या १९८९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीला लोक तेव्हाच ‘गरिबाची फेरारी’ म्हणत होते. प्रतिकृतीवाल्यांना त्यातला फक्त पहिला शब्द खोडायचा होता.

तो शब्द मात्र सहजी खोडला जात नाही. जिची नक्कल करायची त्या फेरारी एफ ३५५ च्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २४५० मिलिमीटर, एमआर-टूचे २४००. फरक दोन इंचांचा. उंचीत टोयोटा सुमारे सात सेंटीमीटरने वरचढ. सांगाडा आणि काच टोयोटाची असल्यामुळे हा हिशेब वरच्या अंगात कुठेतरी जिरवावा लागतो. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण शाळेच्या गॅदरिंगमधल्या मावळ्याची मिशी एका बाजूने सुटल्यासारखे काहीतरी त्याच्या डोळ्याला टोचत राहते. इंजिनाबद्दल कमी बोललेले बरे. मूळ गाडीत साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ताकद ३८० अश्वशक्ती. टर्बो नसलेल्या एमआर-टूत दोन लिटर, चार सिलिंडर आणि निम्म्याहून कमी घोडे. म्हणून हा मालक सिग्नल सुटल्यावर कधी घाई करत नाही. बघणारे त्याला श्रीमंताचा संयम समजतात.

याचा स्वभाव खरा कळतो तो पेट्रोल पंपावर. गाडी थांबताच बाजूचे लोक तीन प्रश्न विचारतात आणि तेही ठरलेल्या क्रमाने: किती पळते, कितीला पडली, आणि खरी आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सगळेच देतात. जमातीचे पोटभेद पडतात ते तिसऱ्यावर.

पहिला पोटभेद स्वतः गाडी बांधणाऱ्यांचा. हा माणूस प्रश्नाची वाटही पाहत नाही. ‘खरी नाही, मी केली,’ असे तो उतरता उतरताच सांगतो, मागचे झाकण स्वतः उघडतो आणि बिजागऱ्यांविषयी पाऊण तास बोलतो. सहा वर्षे त्याच्या गॅरेजमध्ये आणि पुढे स्वयंपाकघरातही रेझिनचा वास असतो. बायकोने त्यावर बोलणे दुसऱ्या वर्षीच सोडलेले असते. या माणसाला प्रतिकृती परवडली का, हे विचारणे म्हणजे दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोराला ‘सिंहगड परवडला का’ असे विचारणे.

दुसरा पोटभेद तयार गाडी घेणाऱ्यांचा, आणि अभ्यासाला तोच अधिक समृद्ध. हा खोटे बोलत नाही. कुणी ‘वा, फेरारी!’ म्हणाले तर तो फक्त हसतो आणि दुरुस्ती करत नाही. गाडी तो मागचा भाग भिंतीकडे करून लावतो, कारण इंजिनाचे झाकण तिकडे असते. किल्ली मुठीत धरतो. त्या किल्लीवर टोयोटा हे नाव ठसठशीत कोरलेले असते, म्हणून तिच्यावर फेरारीच्या उधळत्या घोड्याचे चामडी कव्हर चढवलेले असते. कव्हर सैल असल्यामुळे किल्ली फिरवताना ते अंगठ्याने दाबून धरावे लागते. प्रौढांची त्याला भीती नसते. भीती असते ती आठ-नऊ वर्षांच्या मुलांची. असा एखादा मुलगा आइस्क्रीम चाटत गाडीभोवती एक फेरी मारतो, मागच्या दिव्यांपाशी थांबतो, खाली वाकून चाकाच्या आत बघतो, आणि मग सगळ्या पंपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, ‘बाबा, याचे ब्रेक एवढेसे का?’ पितळ उघडे पडते ते असे, सायलेन्सरच्या उंचीवरून.

तिसरा पोटभेद दुसऱ्याने अर्धवट सोडलेली गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्यांचा. त्याच्याविषयी सहानुभूतीपलीकडे लिहिण्यासारखे फारसे नाही. त्याची गाडी अजून ताडपत्रीखाली आहे.

या सगळ्यात फसतो कोण, याचा निकाल अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने १९९१ मध्ये लावून टाकला आहे. टेनेसीतील एक कारखानदार जुन्या फेरारी डेटोना स्पायडरचे फायबरग्लासचे कवच विकत असे. सुटे कवच साधारण साडेआठ हजार डॉलरला, सगळ्या साजासह तयार गाडी पन्नास हजारांच्या घरात. फेरारीने दावा लावला. कारखानदाराचे म्हणणे सरळ होते: माझ्या गिऱ्हाइकाला आपण काय घेतो हे पक्के ठाऊक असते, मग फसवणूक कुणाची? न्यायालयाने उत्तर दिले की गिऱ्हाईक फसत नसेल, पण रस्त्यावरून पाहणारा फसतो, आणि तेवढे पुरे. निकाल फेरारीच्या बाजूने गेला. मात्र दुसऱ्या पोटभेदातल्या मालकाचे मन इतक्या नेमक्या शब्दांत कुठल्या मानसशास्त्रज्ञानेही मांडलेले नसेल. त्याने पैसे मोजलेले असतात ते त्या पाहणाऱ्यासाठीच.

पैशांचे गणित मात्र त्याच्या बाजूने लागत नाही. डोनरपेक्षा कवच, रंग, चाके आणि आतली सजावट यांचा खर्च मोठा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्या रकमेत जुनी का होईना, खरी पोर्श बॉक्स्टर येते. वर एक उलटाच प्रकार घडला आहे. चांगल्या स्थितीतल्या एमआर-टू आता दुर्मिळ होत चालल्याने शौकीन त्यांना शोधत फिरतात. म्हणजे खरी एमआर-टू कापून खोटी फेरारी केली जाते, आणि पुढे हळहळणारे हळहळतात ते त्या कापलेल्या टोयोटासाठी.

त्याच्या बाजूने एक बिनतोड मुद्दा आहे. एफ ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते, आणि हे काम दर काही वर्षांनी निघतेच. ते बिल पाहून खऱ्या फेरारीचे मालकही बसून पाणी मागतात. टोयोटाचे इंजिन त्यासाठी खाली उतरवावे लागत नाही. ती पावसात सुरू होते, थंडीत सुरू होते, कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे दुरुस्त होते. प्रतिकृतीचा सर्वांत मोठा गुण हाच. अडचण एवढीच की तो सांगायला तोंड उघडले की गाडी फेरारी राहत नाही. त्यामुळे हा बिचारा आपल्या गाडीतल्या खऱ्या गोष्टीबद्दल गप्प राहतो आणि खोट्या गोष्टीबद्दल हसत राहतो.

एका जागी मात्र सगळा मामला उलटतो. १९६० च्या दशकातल्या एसी कोब्रा जगात हजाराच्या आसपासच निघाल्या आणि त्यांच्या नकला त्याच्या कित्येक पटींनी. त्यामुळे रस्त्यावर कोब्रा दिसली की ती नक्कलच, असे सगळे धरून चालतात. इथे तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मालकाचा रक्तदाब ठीक राहतो. घाम फुटतो तो खऱ्या कोब्रावाल्याला. आपली गाडी अस्सल आहे हे तो कागद दाखवून सांगतो आणि ऐकणारे समजूतदारपणे मान हलवतात. प्रतिकृती घ्यायचीच असेल, तर ती अशा गाडीची घ्यावी.

उसनवारीबद्दल अस्सलांनीही फार ताठ राहू नये. लॅम्बोर्गिनी डिआब्लोच्या १९९९ च्या आवृत्तीचे पुढचे दिवे निसान ३०० झेडएक्सचे होते. फरक एवढाच, की तिथे त्याला नक्कल म्हणत नाहीत, अभियांत्रिकी निर्णय म्हणतात.

कागदोपत्री या मालकाची दुबळी बाजू लगेच दिसते. ब्रिटनमध्ये ज्या गाडीचे वय किंवा ओळख नक्की ठरत नाही, तिला ‘क्यू’ या अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो; म्हणजे सरकारनेच पाटीवर ‘सांगता येत नाही’ असे लिहून दिल्यासारखे. भारतात प्रकरण याहून अवघड आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधला निकाल यांमुळे गाडीचे मूळ रूप बदलणे हा आरटीओशी उघड सामना ठरतो. तरी हौस थांबत नाही. आसामच्या तेव्हाच्या करीमगंज जिल्ह्यातील एका मेकॅनिकने जुन्या मारुती स्विफ्टची लॅम्बोर्गिनी केली आणि पुढे अशीच एक गाडी थेट मुख्यमंत्र्यांना भेट दिली. तिसऱ्या प्रश्नाची जबाबदारी इतक्या वर सरकवणारा दुसरा मालक शोधून सापडणार नाही.

बहुतेक मालक काही वर्षांनी गाडी विकायला काढतात. तेव्हा मात्र जाहिरातीत खरे लिहावेच लागते, आणि लिहिता लिहिता माणूस मोकळा होत जातो: टोयोटा एमआर-टूवर बांधलेली, इंजिन एकदाही बिघडलेले नाही, सुटे भाग कुठेही मिळतात, विमा स्वस्त. इतकी वर्षे मुठीत धरलेले सगळे एका कागदावर उतरते. वाचून कुणीतरी येतो, गाडीभोवती फिरतो, झाकण उघडून इंजिन बघतो, भावात घासाघीस करतो. सौदा ठरतो. मालक किल्लीवरचे चामडी कव्हर काढून खिशात टाकतो आणि नुसती किल्ली पुढे करतो. घेणारा ती घेत नाही. कव्हरसकट असेल तरच, असे तो म्हणतो.