शिंक एकाची, बोका बिल्डिंगचा

सटाण्याच्या मार्केट यार्डात उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर लागले, की गावात शिंकेला भाव राहत नाही. कुणी शिंकलं, की कांद्याची धूळ. डाळिंबाच्या बागांवर फवारणी चालू असली, की औषधाचा वास. पावसाळ्यात गाजरगवत, ते तर १९५० च्या दशकात पुण्यात नजरेत आल्यापासून राज्यभरच्या नाकांना पुरून उरलं आहे. त्यानंतर मक्याचं भुसकट, मग थंडी. शिंकणाऱ्याचं वर्षभराचं वेळापत्रक गावाने आधीच भरून ठेवलेलं. त्यात ‘मला मांजराची ॲलर्जी आहे’ असं कुणी म्हणालं, तर कांद्याला भाव जास्त मिळतो म्हणणाऱ्याकडे जसं पाहतात, तसं त्याच्याकडे पाहिलं जातं.

असा एक माणूस ताहाराबाद रोडवरच्या एका अपार्टमेंटात राहायला आला. खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्टसाठी सोडलेल्या खड्ड्यावर फळ्या आणि फळ्यांवर मुलांच्या जुन्या सायकली. (ही बिल्डिंग नेमकी कोणती, हे शोधत फिरू नये. सटाणा, देवळा, मालेगाव इथल्या चार जिन्यांची मिळून ती एक झाली आहे.) माणूस बँकेत बदलून आलेला, म्हणून बिल्डिंगीत ‘साहेब’, आणि भाडेकरू, म्हणून मीटिंगमध्ये खुर्ची मिळते, मत नाही.

साहेबांच्या दारासमोरच्या पायरीवर एक तांबूस बोका झोपायचा. बोका कुणाचा, हा प्रश्न बिल्डिंगीत वेळ पाहून सोडवला जातो. सकाळी दुधाची पिशवी फुटते तेव्हा तो पहिल्या मजल्यावरच्या ताईंचा असतो. मुलांना फोटो काढायचा असला की तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनीअरचा. आणि स्कूटीच्या सीटवर नखं उमटली, किंवा पायपुसण्यावर नको ते सापडलं, की तो ‘बाहेरचा’ असतो, समोरच्या बिल्डिंगीतून येतो.

सकाळी साडेनऊला साहेब डबा घेऊन बाहेर पडत. बोका उठून आळस देई, पायरी ओलांडून पलीकडे जाई, आणि त्याच क्षणी साहेबांना शिंक येई. मांजर आडवं जाणं आणि निघताना शिंकणं, हे दोन्ही अपशकुन एकाच पायरीवर, एकाच माणसाच्या नावावर, रोज. समोरच्या आजी सुरुवातीला त्यांना घडीभर थांबून जा म्हणायच्या. पुढे त्यांनी तांब्याभर पाणीच दारात ठेवायला सुरुवात केली. शास्त्राने आणि शकुनाने एकाच प्राण्याला एकमताने दोषी धरल्याचं हे दुर्मीळ उदाहरण, पण दोघांपैकी कुणालाही बिल्डिंगीत मताचा अधिकार नव्हता.

बिल्डिंगीचं म्हणणं साधं होतं: बोका तुमच्या घरात येत नाही, मग तुम्हाला त्रास कसला? त्याचे केसही इथे पडत नाहीत, बघा, पायरी स्वच्छ आहे.

इथेच सगळी फसगत आहे. केस बिचारे नुसते हमाल. खरा माल म्हणजे एक प्रथिन, फेल डी १ हे त्याचं कागदोपत्री नाव. ते मांजराच्या थुंकीत असतं आणि कातडीतल्या तेलग्रंथींतही. मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, थुंकी अंगावर वाळते, तिचे कण सुटतात, आणि त्यातले काही इतके हलके असतात की ते तासन्‌तास खाली बसत नाहीत. घरातून मांजर हलवलं तरी सोफ्यात, गादीत, पडद्यात हे प्रथिन कित्येक महिने टिकतं. ते कपड्यांना चिकटून प्रवासही करतं. जिथे कधी मांजर पाळलंच नाही, अशा घरांत आणि शाळेच्या वर्गांत ते सापडलेलं आहे. म्हणजे बोका पायरीवर झोपला असला, तरी तो ताईंच्या साडीवरून, पेपरवाल्याच्या पिशवीवरून साहेबांच्या बैठकीत येऊन गेलेला असतो. त्यातून सकाळी जिना झाडणाऱ्या मावशी कोरडी केरसुणी अशी जोरात मारतात, की खाली बसलेला उरलासुरला बोकाही तीन मजले हवेत जातो.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. शरीर कुणा निरुपद्रवी पाहुण्याला चोर समजून आरडाओरडा करतं, असा त्याचा साधारण मतलब. हा आरडाओरडा ज्याच्यामुळे होतो, ते रक्तातलं प्रतिपिंड, म्हणजे आयजीई, १९६६ च्या सुमाराला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने शोधलं. नवरा-बायकोने मिळून शिंकेचं कारण शोधून काढलं. एरवी संसारात ते एकमेकांवर ढकललं जातं.

साहेब अखेर नाशिकला गेले. देवळा, सोग्रस फाटा, पिंपळगाव, असा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. तिथे डॉक्टरांनी त्यांचा डावा हात टेबलावर पालथा-उताणा करून, मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने आकडे लिहिले, वखारीत गोण्यांवर लिहितात तसे. प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब, थेंबातून सुईची हलकी टोच. मग हात न खाजवता वीस मिनिटं बसायचं. धुळीतल्या किड्यांच्या आकड्याशी जरा लाली आली. झुरळाने काही केलं नाही. मांजराच्या आकड्याशी मात्र डास चावल्यासारखी पांढरट गांध उठली आणि भोवती तांबडं वर्तुळ पसरलं. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शिंकेचा लेखी पुरावा मिळाला. त्यांनी त्या हाताचा फोटो काढून बिल्डिंगीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली तीन अंगठे आले, एक ‘काळजी घ्या’, आणि एक सुविचार.

या वादात सर्वांत भारी ठरले ते इंजिनीअरांचे वडील, आबा. हयात मळ्यात गेलेली, मुलाच्या हट्टाने फ्लॅटात आलेले. आबा म्हणाले, “आम्ही मळामा वाढनूत, आमले काही व्हयनं नही.” गोठा, गाई, कुत्री, चाळीतल्या कांद्यावर झोपणारी मांजरं, आणि एकालाही ॲलर्जी नाही. ही सगळी शहरातल्या बंद खिडक्यांची थेरं.

साहेबांना हसू आलं असतं, पण आबांची बाजू घेणारे लोक फार मोठे निघाले. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅखन या ब्रिटिश संशोधकाने मांडलं होतं, की घरात भावंडं जास्त, लहानपणी संसर्ग जास्त, तर पुढे ॲलर्जी कमी. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना आली. दोघांचे पूर्वज युरोपच्या त्याच भागातले, खाणंपिणं मिळतंजुळतं. पण आमिश अजून घोड्याने शेती करतात, गोठा घराला लागून. हटराइटांची शेती यंत्राची आणि लांब. आमिश मुलांत दमा कितीतरी कमी आढळला. थोडक्यात, आबांनी न वाचलेला शोधनिबंध आबांच्या बाजूने होता.

फक्त एक अडचण होती. गोठ्याचा हा फायदा पाळण्यात असताना मिळतो. बेचाळीसाव्या वर्षी, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर, एका बोक्याच्या जोरावर तो सुरू होत नाही. आणि आबांच्या मळ्यातलं मांजर चाळीत झोपायचं, उंदरांच्या बंदोबस्ताला होतं. त्याला सोफा नव्हता. चाळीला चारी बाजूंनी हवा लागते, नाही तर कांदा सडतो. कांद्याला हवा लागते हे ज्या गावाला नीट कळतं, त्या गावात माणसांचे फ्लॅट मात्र सरकत्या काचांनी बंद करून बांधले जातात.

कायद्याकडे जावं, तर तिथे बोका आधीच जाऊन बसलेला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, आणि महाराष्ट्राचा सहकारी संस्था अधिनियमही १९६० चाच. नावात एकच वर्ष लावणारी ही भावंडं साठहून अधिक वर्षं जिन्यात भांडत आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं, की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, अगदी बहुमत झालं तरी नाही. लिफ्टमधूनही त्यांना हाकलता येत नाही. ते योग्यच आहे, नाही तर आपल्या सोसायट्यांनी बॅचलर मुलांपाठोपाठ पोपटांनाही घरं नाकारली असती. पण शिंकणाऱ्याचं काय, यावर त्यात एक ओळही नाही. त्याच्यासाठी सेट्रिझिनची गोळी आहे. ती रात्री घ्यावी, कारण दिवसा घेतली की बँकेत पेंग येते.

प्राण्यांच्या आकड्याला मात्र मर्यादा असावी, हे पुण्याने दाखवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीत, साडेतीन बीएचके फ्लॅटमध्ये, तीनशेच्या वर मांजरी असल्याचं उघड झालं. रहिवासी वास आणि आवाजाने कावले होते, तक्रारी जुन्याच होत्या. शेवटी पोलीस आणि पशुसंवर्धन खात्याची माणसं आली आणि मांजरी हलवायला ४८ तासांची नोटीस निघाली. या बातमीने सटाण्याच्या साहेबांची केस पार मातीत गेली. “तिथे तीनशे होती तेव्हा नोटीस निघाली,” सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, “तुमचं तर एकच आहे.”

साहेबांनी मग जातीचा उपाय सुचवला. केस न गळणारे, ॲलर्जी न करणारे प्राणी मिळतात म्हणे. त्याचीही कथा जुनी आहे. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला, कारण हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला ॲलर्जी होती. पिल्लांची लाळ आणि केस हवाईला पाठवून तपासले, तेव्हा तिघांतलं एक नवऱ्याला मानवलं. एकाच वेतातली दोन मानवली नाहीत, ही अर्धी गोष्ट जाहिरातीत येत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांनीसुद्धा २००९ मध्ये मुलीच्या ॲलर्जीपायी पोर्तुगीज वॉटर डॉग आणला. सटाण्याच्या अध्यक्षांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, तो त्यांच्या मेन्टेनन्समध्ये बसत असेल.

अखेर पार्किंगमध्ये मीटिंग भरली. अजेंड्यावर पहिला विषय जिन्याची खिडकी. हे यशवंतराव महाराजांचं, देवमामलेदारांचं गाव. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदाराने वरच्या मंजुरीची वाट न पाहता सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी उघडला. त्याच गावात जिन्याची खिडकी उघडायला ठराव लागला, आणि तो नामंजूर झाला, कारण खिडकी उघडली की कबुतरं येतात. कबुतरांची भीती आता गावालाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करायला टाकलेली ताडपत्री आंदोलकांनी फाडली, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. कबुतराच्या विष्ठेने फुप्फुस बिघडतं, हे सर्वांना तोंडपाठ. मांजराचं कुणी टीव्हीवर दाखवलेलं नाही.

दुसरा विषय ओल्या फडक्याचा. जिना झाडण्याऐवजी पुसावा, फडकं आणि फिनेल साहेब देतील. यावर अर्धा तास चर्चा झाली. मावशींचे पन्नास रुपये कोण वाढवणार, यावर ती थांबली.

तिसरा विषय साहेबांनी अभ्यास करून आणला होता. बोक्याची नसबंदी केली, तर हे प्रथिन कमी होतं. नर मांजरात ते मादीपेक्षा जास्त असतं. यात कुणाचंच काही जात नव्हतं, बोका सोडून. ठराव एकमताने मंजूर. वर्गणी फ्लॅटमागे शंभर रुपये. सात फ्लॅटांनी दिली, बाकीच्यांनी बोका बाहेरचा असल्याचं पुन्हा एकदा सांगितलं. घंटा बांधायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा साहेबच रुमाल नाकाला बांधून, बोक्याला कांद्याच्या जाळीदार गोणीत घालून, पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन गेले. बरोबर आबा होते, जनावरांतले जाणकार म्हणून.

गायी-म्हशींच्या रांगेत नंबर लागला. डॉक्टरांनी गोणीचं तोंड सोडलं, शेपूट उचललं, पोटावरून हात फिरवला आणि आबांकडे पाहिलं.

तांबूस मांजर पाचात चारदा बोकाच असतो. ही पाचवी होती, आणि गाभण. मांजराची गर्भावस्था सरासरी त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांची असते. त्यातले निम्मे झाले होते. बिल्डिंगीची पुढची मीटिंग तीन महिन्यांनी आहे.