आत पाणी, बाहेर पाणी

टेक्सासात ऑस्टिनला जो जातो त्याला कोणीतरी लेक ट्रॅव्हिसवर नेतंच. कोलोरॅडो नदीवर मॅन्सफील्ड धरण बांधलं, त्याचा हा जलाशय. (ग्रँड कॅन्यनवाली कोलोरॅडो वेगळी. आपल्याकडे नाहीत का पूर्णा एकाहून जास्त!)

भाच्याची बोट वेकसर्फिंगची. बोटीमागे जी लाट उठते तिच्यावर फळी टाकून उभं राहायचं, हा तो खेळ. लाट मोठी हवी तर बोट जड हवी. म्हणून सीटखालच्या जाड विनाइलच्या पिशव्यांत पंपाने तलावाचंच पाणी भरायचं. एकेका पिशवीत तीनशे-साडेतीनशे लिटर, म्हणजे तितकेच किलो. बोटीत पाणी आलं की कोकणातला माणूस देवाचा धावा करतो. इथे ते यावं म्हणून पदरचे पैसे मोजून पंप बसवतात.

धक्क्यावरच पिशवी गळायला लागली. पाणी बोटीच्या तळात उतरलं, तशी तळातली मोटर आपोआप सुरू होऊन ते तलावात फेकू लागली. एक पंप आणतोय, दुसरा टाकतोय आणि मालक सीटखाली उपडा.

"मामा, टॉर्च जरा इकडे."

अमेरिका पाहायला आलेल्या माणसाने टॉर्च धरला. एकेक जोड कोरडा पुसून भाच्याने प्रत्येकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळला. भिजेल तो गुन्हेगार. पाइपाची क्लिप निर्दोष सुटली. भिजला तो पिशवीत फिरवून बसवतात त्या प्लास्टिकच्या फिटिंगचा गळा.

तेवढ्यात शेजारच्या बोटीवरचे हॅटवाले आजोबा वाकून म्हणाले, "टेफ्लॉन टेप." ते गेले, दुसरे आले. त्यांचंही तेच. टेप गुंडाळला. गळती वाढली! निमुळते आटे एकमेकांत रुतून पाणी अडवतात, तिथे टेप कामाचा. हे आटे सरळ. पाणी अडवायचं काम खालच्या रबरी ओ-रिंगचं. टेपच्या जाडीने फिटिंग पुरतं खाली बसेना, रिंग दबेना. भाच्याने पाना उचलला, तो मी काढून घेतला. प्लास्टिक जास्त आवळलं की तडकतं, हे पुण्यातल्या कुठल्याही फ्लशच्या टाकीने शिकवलेलं असतं.

टेप सोलला, रिंग काढली. एका बाजूने चपटी झालेली, वर वाळूचा कण चिकटलेला. नवी रिंग, तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट, हाताने आवळलं. टिश्यू कोरडा.

लाट झकास उठली. संध्याकाळी मात्र एवढं जपलेलं पाणी थेंबन् थेंब काढून टाकावं लागलं. झेब्रा शिंपले 2017 साली या तलावात सापडले; ते दुसरीकडे पसरू नयेत म्हणून बोट रिकामी करूनच न्यायची, असा टेक्सासचा नियम आहे.

तुमच्या कोणाची अशी बोट असेल, तर पाहुणा यायच्या आधी पिशवी अंगणात काढून बागेच्या पाइपाने भरून बघा. ट्रेलरवरच्या बोटीत भरू नका, ट्रेलरला ते वजन सोसत नाही. आणि ओ-रिंगा चार जास्तीच्या ठेवा.