कॉमिकवरच्या सिनेमाने निराश कसं व्हावं : जव्हार-मोखाड्याच्या नवशिक्यांसाठी

आधी सिनेमा निवडावा. टाकाऊ सिनेमा घेऊ नये; त्याने माणूस चिडतो, निराश होत नाही. निराशेला जीव लावलेला असावा लागतो. ‘स्कॉट पिलग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड’ हा २०१०चा सिनेमा या कामाला उत्तम. तिकिटबारीवर तो आपटला आणि पुढे त्याचे भक्त वाढले. म्हणजे भांडायला माणसंही आयती मिळतात.

मग मूळ कॉमिक वाचावं. ब्रायन ली ओमॅलीने २००४ ते २०१० या काळात सहा खंडांत काढलेलं, काळं-पांढरं. टोरांटोतला एक बिनकामाचा पोरगा रमोनाच्या प्रेमात पडतो आणि तिच्या सात माजी जोडीदारांशी एकेक करून लढतो. हरलेला गडी नाणी उधळून नाहीसा होतो, थेट व्हिडिओ गेमसारखा. पण लढाया पाहून पानं उलटू नयेत. दोन लढायांच्या मध्ये ही मंडळी नुसती लोळतात, भाडं थकवतात, बँडची तालीम बुडवतात. खरी गोडी तिथेच आहे.

आता सिनेमा. जव्हारला रेंज धड असेल तेव्हा मोबाईलवर उतरवून घ्यावा, मोखाड्याच्या वाटेवर भरवसा ठेवू नये. दिग्दर्शक एडगर राइट हुशार माणूस. दाराची बेल वाजली तरी पडद्यावर अक्षरं उमटवतो. कौतुक करावंसं वाटेल, करावं. मग सहा खंड दोन तासांच्या आत कसे कोंबले ते पाहावं. लोळणं गेलं, लढाया राहिल्या. ड्रम वाजवणारी किम पाइन कॉमिकमध्ये स्कॉटची शाळेपासूनची अख्खी जखम आहे. इथे ती तोंड वाकडं करून टोमणे मारते आणि संपते. या ठिकाणी पहिला सुस्कारा सोडावा.

दुसरा शेवटाला. चित्रीकरण झालं तेव्हा कॉमिकचा सहावा खंड यायचाच होता. सिनेमाच्या पहिल्या शेवटात स्कॉट आपल्या आधीच्या मैत्रिणीकडे, धाकट्या नाइव्ह्जकडे, परततो. नंतर शेवट बदलून रमोनाचा केला. हे माहीत असलेला प्रेक्षक शेवटची पाच मिनिटं दोन सिनेमे एकदम पाहतो आणि दोन्हींवर नाराज होतो. कसलेल्या निराशेची हीच खूण.

आपल्याकडच्यांना मात्र एक अडचण येते : बोहाडा, मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव. होळीनंतर तो पाहत वाढलेल्या माणसाला रूपांतराने दुखावणं सोपं नाही. सोंगामागून सोंग येतं, संबळावर नाचतं, जातं. शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. म्हणजे फेऱ्या आहेत, शेवटी मोठा राक्षसही आहे. कथा सगळ्यांना पाठ. रावणाचा मुखवटा सावरताना आतल्या गड्याची मान अवघडते, तो पाय टाकतो तो चाचपडत, आणि तरी ‘पुराणात असा नव्हता’ म्हणून कोणी उठून जात नाही. कारण एका सोंगाला नाचायला हवा तेवढा वेळ मिळतो, घाई कोणाला नसते. सिनेमा चुकतो तो इथे. चेहरे जुळले, वेळ जुळली नाही. (मायकेल सेरा स्कॉट म्हणून शोभत नाही, ही तक्रार मला तरी पोकळ वाटते.)

निराशा पारावर मांडताना ‘कॉमिकच भारी’ एवढं म्हणून थांबू नये. समोरचा ‘कुठलं कॉमिक?’ विचारणार, आणि मग सहा खंड सांगावे लागतील. त्यापेक्षा वर्तमानपत्रातल्या ‘चिंटू’पासून सुरुवात करावी. १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरलेल्या त्या पोराला प्रत्येक घराने आपापला आवाज दिला होता, २०१२च्या सिनेमात त्याला एकच आवाज मिळाला. हे कोणालाही लगेच पटतं.

२०२३ची ‘स्कॉट पिलग्रिम टेक्स ऑफ’ ही ॲनिमेशन मालिका तूर्त टाळावी. सिनेमातल्याच नटांचे आवाज आहेत, पण पहिल्याच भागात स्कॉट लढाई हरून नाहीसा होतो आणि गोष्ट भलतीकडेच निघते. मुळाशी ताडून पाहायला काही उरतच नाही, आणि नवशिक्याची सगळी मेहनत वाया जाते.