सहकुटुंब, सहफराळ

धाकट्या पुतण्याच्या शाळेने दिवाळीच्या सुट्टीत ‘मी पाहिलेला वन्य प्राणी’ अशी सचित्र वही करायला सांगितली होती. सचित्र म्हणजे फोटो स्वतः काढलेला. पाल चालेल का, असं वहिनीने बाईंना विचारून पाहिलं. बाईंनी उत्तर दिलं नाही, म्हणजे चालणार नव्हती. भाऊबीजेच्या रात्री, सगळे जमलेले असताना आणि कोणालाही घरी जायची घाई नसताना, हा विषय निघाला. आमच्याकडे असे विषय नेहमी याच वेळी निघतात.

“ताडोबा,” काका म्हणाले. काकांना एकदम वरून सुरुवात करायची सवय आहे. “महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९५५ सालचं.”

“सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का?” आत्याने विचारलं. ताडोबा चंद्रपूरला आहे आणि चंद्रपूर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे तिला समजावून सांगण्यात काही वेळ गेला. शिवाय ताडोबा मंगळवारी बंद असतो, अशी माहिती कोणीतरी पुरवली. “वाघालाही आठवड्याची सुट्टी असते,” आत्या म्हणाली आणि घरातल्या सगळ्या पुरुषांकडे एकेक करून पाहिलं. ताडोबाचा विषय तिथे संपला.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाला अण्णांचा विरोध होता. अण्णा म्हणजे माझे वडील. पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला हलवले, ही गोष्ट त्यांना अजून मान्य नाही. पेशवे पार्क १९५३ चं, तिथली छोटी आगगाडी फुलराणी १९५६ ची, आणि अण्णा दोन्हींच्या थोडे आधीचे. पांढरा वाघ सारसबागेच्या शेजारी राहत होता तोवर अण्णांचं त्याच्याकडे जाणंयेणं होतं. पत्ता बदलल्यावर त्यांनी संबंध तोडले. तसंही पिंजऱ्यातला प्राणी वहीत चालला नसता.

मग निघाली इंदापूरची कडबनवाडी. तिथे वनखात्याने २०२४ मध्ये गवताळ प्रदेशातली सफारी सुरू केली आहे. ऑनलाइन बुकिंग, सोबत माहितगार मार्गदर्शक, आणि नशीब असेल तर लांडगा, चिंकारा, खोकड, तरस. कोणत्याही विचारी कुटुंबाने हीच सफारी निवडली असती. पण एक तर “गवत बघायला इंदापूरला?” असा प्रश्न आला. दुसरं म्हणजे इंदापुरात वहिनीच्या मावससासूबाई राहतात. इंदापूरला जाऊन त्यांच्याकडे गेलो नाही तर पुढची तीन लग्नं अवघड जाणार, आणि गेलो तर दोन वाजता पुरणपोळी, चार वाजता चहा, सहाला “आता रात्रीचं जेवूनच जा.” लांडगा राहिला बाजूला. जुन्नरचं नावही कोणी काढलं. पण तिकडे बिबट्या उसातून अंगणापर्यंत येतो, माणसं जीव मुठीत धरून राहतात. त्यावर विनोद करू नये एवढं भान आमच्या घरातही आहे.

“ताम्हिणी,” शेवटी मी म्हणालो. “जवळ आहे. २०१३ पासून अभयारण्य आहे. जवळजवळ पन्नास चौरस किलोमीटर.”

“कुठे आलं हे?”

“मुळशी तालुक्यात.”

“मुळशीला कशाला सुट्टी घालवायची?” आमचे जावई म्हणाले. “मी रोजच जातो.” जावई हिंजवडीला कामाला आहेत आणि हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे खरंच आहे. रोज सकाळ-संध्याकाळ दीड दीड तास ते मुळशी तालुक्यात स्तब्ध बसून असतात. वन्यजीव निरीक्षणाला लागणारा संयम आमच्या घरात कोणाकडे असेल, तर तो त्यांच्याकडे आहे.

ठराव मंजूर झाला आणि तयारीला लागलो. जंगलात भडक कपडे घालू नयेत, मातकट रंग घालावेत, असं थोरल्या पुतणीने कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे बायका तुळशीबागेत गेल्या. मातकट रंगाच्या टोप्या आणायला गेल्या होत्या. टोप्या मिळाल्याही, पण त्यांच्यासोबत दोन चादरी, एक पोळपाट आणि आत्यासाठी राणी रंगाची ओढणी आली. “टोपी मातकट आहे ना, मग झालं,” आत्या म्हणाली.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला. वेळ ठरली सकाळी साडेपाचची, कारण प्राणी पहाटे बाहेर पडतात. प्राणी बाहेर पडतात हे बरोबर, पण आमच्या घरात पहाटे दूधवाल्याशिवाय कोणी बाहेर पडलेलं मी पाहिलेलं नाही. जेवणाबद्दल मात्र चर्चाच झाली नाही. लाडू, चकल्या, शंकरपाळी, अनारसे डब्यांत उरले होते आणि ते संपवायची हीच संधी होती. फराळाला कंटाळलेली माणसं जंगलात गेल्यावर तोच फराळ आवडीने खातील, अशी आईची समजूत होती.

आत्याची अट एकच होती: वाटेत स्वच्छ ‘सोय’ पाहिजे. सहलीचं सगळं वेळापत्रक खरं तर याच अटीभोवती आखलं गेलं. वाघ, बिबटे, शेकरू हे सारे त्या सोयीच्या मधल्या वेळेत बसवायचे होते. काकूचं वेगळंच. तिला घाट लागला की उलटी होते, म्हणून तिला पुढची सीट. पण पुढची सीट अण्णांची, कारण त्यांचे गुडघे. शेवटी काकूला आवळासुपारी देऊन खिडकीशी बसवलं आणि अण्णांना पुढे. निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. प्राणी एव्हाना जेवूनखावून झोपले असावेत.

सबंध प्रवासात सर्वांत घनदाट जागा लागली ती चांदणी चौकात. जुना पूल २०२२ मध्ये पाडला, नव्या चौकाचं उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झालं, आणि तेव्हापासून तिथे इतके रस्ते वर-खाली जातात की एक वळण हुकलं तर माणूस मुंबईच्या वाटेला लागतो आणि दुसरं हुकलं तर साताऱ्याच्या. गाडी भावजी चालवत होते. ते दोन्ही वाटांना थोडंथोडं जाऊन आले. मागच्या गाडीतले जावई फोनवरून शांतपणे सांगत होते, “डावीकडे. नाही, त्याच्या आधीचं डावीकडे.” अखेर भूगाव आलं, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

भूगाव, भुकूम, पिरंगुट ही नावं आपण पूर्वी सहलीच्या वर्णनात वाचायचो. आता ती घरांच्या जाहिरातींत वाचतो. दुतर्फा ‘निसर्गाच्या कुशीत’ असे फलक आणि त्यांच्यामागे क्रेन. पौडला, म्हणजे तालुक्याच्या गावी, चहा झाला. आत्याची अटही पूर्ण झाली, पण समाधान झालं नाही. “जंगलच बरं असेल,” एवढंच ती म्हणाली.

पौड सुटल्यावर उजव्या हाताला मुळशी धरणाचं पाणी दिसू लागलं आणि अण्णा सरसावून बसले. अण्णा इतिहासाचे शिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तास संपलेला नाही. “या पाण्याखाली गावं आहेत,” त्यांनी सुरुवात केली. १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, आणि त्याच लढ्यात ते ‘सेनापती’ झाले. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी पहिल्या लढ्यांपैकी हा एक. धरण झालंच. “आणि गंमत बघा,” अण्णा मागे वळले, “मुळेचं पाणी मुठेला मिळून, भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. धरणाने ते फिरवलं. डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याला सोडलं, तिथे वीज केली, वीज मुंबईला दिली, आणि पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला.”

“म्हणजे नदीसुद्धा चांदणी चौकात चुकली,” धाकटा म्हणाला.

भावजींनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. अण्णा मात्र गप्प झाले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. त्या तळ्याच्या काठी आता रिसॉर्ट आहेत आणि तिथे ‘लेक व्ह्यू’साठी जास्त पैसे पडतात. ज्यांची शेतं खाली गेली त्यांच्या नातवंडांपैकी काही जण तिथे कामाला असतील. हे सहलीच्या लेखात लिहायचं नसतं, पण रस्ता त्याच पाण्याच्या कडेने जातो.

धरण मागे पडलं आणि फोनची रेंज गेली. ग्रुपवर शेवटचा निरोप ‘पोहोचलो का?’ असा होता, तो पाठवणारी काकू माझ्या शेजारीच बसली होती. पाच-दहा मिनिटं गाडीत शांतता होती. मग सगळे एकमेकांशी बोलू लागले, आणि बोलता बोलता दोन जुनी भांडणं पुन्हा निघाली.

ताम्हिणी गावात विंझाई देवीचं देऊळ आहे. तिथे दर्शन घेऊन आम्ही गावातल्या एका मामांना सोबत घेतलं. वय साठीच्या पुढे, पायात रबरी चपला, हातात कोयता. त्यांनी आमच्याकडे, डब्यांकडे आणि राणी रंगाच्या ओढणीकडे शांतपणे पाहिलं.

“काय बगायचंय?”

“वाघ,” धाकटा म्हणाला.

“त्यो हितं न्हाई. बिबट्या हाये.”

“दिसेल?”

“तुमाला न्हाई दिसायचा. त्येला तुमी दिसलाव. पौड सोडल्यापास्नं वळखलं आसंल त्येनं.”

झाडीत शिरल्यावर मामांनी तोंडावर बोट ठेवलं. आमच्या कुटुंबाला गप्प बसायचा सराव नाही. काकूच्या हातातली चकलीची पिशवी कुरकुरत होती, अण्णा ‘देवराई’ या विषयावर कुजबुजत्या आवाजात व्याख्यान देत होते. देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथली पडलेली काटकीही गाव घरी नेत नाही, आणि मुळशी तालुक्यात अशा राया बऱ्याच आहेत, वगैरे. दूर कुठेतरी कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला. “भेकर,” मामा म्हणाले. “तुमालाच भुकलं.”

मग मामांनी वर बोट केलं. उंच फांदीवर तांबूस-काळं, लांब झुपकेदार शेपटीचं काहीतरी पसरलं होतं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेकरू.

“खारच की मोठी,” आत्या म्हणाली.

शेकरूने ते ऐकलं असावं. त्याने समोरच्या झाडावर अशी लांब उडी मारली की सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘आई गं’ निघालं. मामांनी फांद्यांच्या टोकांना असलेले काटक्या-पानांचे गोळे दाखवले. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवतं, राहतं एका वेळी एकातच. बाणेरला दोन फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवलेले काका त्यानंतर शेकरूकडे वेगळ्याच आदराने पाहू लागले. धाकट्याने फोटो काढला, त्यात शेपटी आली. शेपटीसुद्धा अर्धीच.

थोडं पुढे मामा वाटेवर उकिडवे बसले. “ह्ये बगा. बिबट्याची. कालची.” केसांनी भरलेली, सुकत आलेली विष्ठा. केस भेकराचे असावेत, असं ते म्हणाले. पुढची दहा मिनिटं आमचं अख्खं कुटुंब वर्तुळ करून, माना खाली घालून उभं होतं. इतक्या एकमताने आम्ही यापूर्वी काही पाहिलेलं नाही. अण्णांनी चष्मा बदलला. जावयांनी मापासाठी शेजारी किल्ली ठेवली. काकू, जिला घाटात उलटी होते, तिने दोनदा वाकून पाहिलं. धाकट्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि वहीचा प्रश्न जागेवर सुटला.

परत गाडीशी आलो तर लाल तोंडाची माकडं आमची वाट पाहत होती. घाटात येणारे लोक गाड्यांतून वेफर फेकतात, त्यामुळे त्यांना गाडीच्या दाराचा आवाज कळतो. आईने डबा उघडला आणि मिटायच्या आत त्यातला अर्धा चिवडा गेला. आत्याने ओढणी फडकावून बाकीचा वाचवला. अनारसे मात्र माकडांनीही हुंगून टाकून दिले. ते कोणी केले होते यावर परतीच्या वाटेवर पौडपर्यंत कोणी बोललं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर चार गोष्टी सांगतो. पावसाळ्यात धबधब्यांच्या मागे लागू नका. २०२४ च्या पावसाळ्यात ताम्हिणीत नऊ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तिथलं पाणी पुण्याच्या मापाने येत नाही, आणि बंदीचे आदेश निघतात ते उगाच नाही. पेट्रोल पौडलाच भरून घ्या, थोडे पैसे रोख ठेवा, गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. माकडांना काही घालू नका, पिशव्या परत आणा. आणि जमलं तर मंगळवारी जा. ताम्हिणीला साप्ताहिक सुट्टी नसते, आणि रविवारी आम्ही असतो.