यंत्राला कंबर असती तर

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जाणार, अशी बातमी लागली की आमच्या पुलगावात सगळ्यांत कमी घाबरतात त्या कापूस वेचणाऱ्या बाया. सगळ्यांत जास्त घाबरतो मी. निवृत्त शिक्षक, थोडी पऱ्हाटी आणि बरं अक्षर, एवढीच माझी इस्टेट.

तसं यंत्र या गावाला नवं नाही. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोचली ती इथूनच, वर्धा नदी ओलांडून. मागोमाग जिनिंग आलं, कापडाची मिल आली, १९१७ साली आर्वीची छोटी गाडी आली. मिल पुढे बंद पडली, छोटी गाडीही थांबली. यंत्रं सरकी काढायला आली, सूत कातायला आली, गठाणी वाहायला आली. झाडावरचा कापूस काढायला मात्र कोणी आलं नाही. त्याला तेव्हाही दहा बोटं लागायची, आजही तीच लागतात.

अमेरिकेत वेचणी यंत्रानं होते, हे खरं. पण तिथं आधी औषध फवारून पानं गाळतात. झाडं एका उंचीची, बोंडं साधारण एकदमच फुटलेली. आमची पऱ्हाटी कोणाचं ऐकून फुटत नाही. खालचं बोंड दिवाळीत उमलतं, वरचं संक्रांतीची वाट पाहतं. म्हणून तीन-चार वेचण्या. पुरतं उमललेलं तेवढंच ओढायचं, वाळलेली पत्ती लागू द्यायची नाही, कवडी कापूस वेगळा ठेवायचा, बोंडाच्या टोकांपासून बोटं वाचवायची, आणि हे सगळं करताना शेजारणीच्या सुनेचा विषयही तडीस न्यायचा. एवढं एकाच वेळी करणारा रोबो अजून माझ्या ऐकिवात नाही.

हान्स मोराव्हेक या रोबोशास्त्रज्ञानं १९८८ साली लिहून ठेवलं होतं की यंत्राला बुद्धिमत्तेच्या चाचण्या किंवा चेकर्ससारखा पटावरचा खेळ शिकवणं सोपं, पण वर्षाच्या पोराला जसं दिसतं आणि हलता येतं तसं शिकवणं महाकठीण. १९९७ मध्ये यंत्रानं बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवलं तेव्हा मी मजेत होतो, कारण मला बुद्धिबळ येत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि पाळी माझ्यावर आली.

मी गावाचे अर्ज लिहीत असे. सातबाऱ्यावरची चूक, विहिरीवरची वीज, पोराचा दाखला, काहीही. मोबदला म्हणजे अर्धा कप चहा आणि ‘काय अक्षर आहे गुरुजींचं!’ हे वाक्य. आता शेजारचं पोरगं फोनला तोंडी सांगतं आणि चहा निवायच्या आत अर्ज तयार. वर त्यात शुद्धलेखनाच्या चुका शोधाव्यात तर त्याही नेहमी सापडत नाहीत. हा अन्याय आहे.

बोंडअळीचंही तेच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भ नागवला. तेव्हापासून कामगंध सापळे लावा आणि पतंग मोजा, असं सांगणं आहे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-दहा पतंग आले की फवारणीचा विचार करायचा. आता वाधवानी एआय या मुंबईच्या संस्थेनं असं अॅप केलंय की सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढला की फोनच मोजतो आणि सल्ला देतो. मोजणी माझ्या शेजाऱ्यापेक्षा प्रामाणिक असणार, यात शंका नाही. पण पाठीवर पंप घेऊन तासांत कोण उतरणार, यावर फोन गप्प. ड्रोन आलेत म्हणतात. आमच्या शिवारात ते अजून लग्नाच्या शूटिंगलाच जास्त दिसतात.

थट्टेवारी नेता येत नाही अशी जागाही इथंच आहे. गावाला लागून सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ ची तिथली आग गाव विसरलेलं नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव (आबाजी) शिवारात, निकामी करायचा जुना दारूगोळा हाताळताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदार होते. पुण्याच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं ‘दक्ष’ नावाचा रोबो बनवलाय. दुरून हुकूम घेतो, संशयित वस्तू उचलतो, क्ष-किरणांनी तपासतो. म्हणजे हे जमत नाही, असं नाही. माझे अर्ज लिहिण्यासाठी जगानं जेवढा पैसा ओतला, त्यातला चिमूटभर तरी असल्या दारूगोळ्याच्या पेट्या उचलण्याकडे वळायला हवा होता. माझं अक्षर एवढं काही वाईट नव्हतं.

यंदा सीतादहीची पूजा झाली, पहिली वेचणी लागली, तेव्हा बायांच्या म्होरक्या काकूंना मी विचारलं, ‘काकू, वेचणारं यंत्र आलं तर काय कराल?’

‘येऊ द्या ना गुरुजी. पण त्याले कंबर आहे काय?’

‘नाही.’

‘मंग त्याची दुखनच नाही. आमची दुखते, म्हणून तं दर वाढवून मांगतो.’

आणि तिथंच त्यांच्या बारावीतल्या नातीनं फोन काढला. दोन मिनिटांत माझ्याच नावे, ‘माननीय महोदय’ असा अर्ज आला. महागाई काय, ‘श्रमांचे यथोचित मूल्य’ काय! तीस वर्षं मराठी शिकवून मला असा परिच्छेद साधला नव्हता. मीही हट्टाला पेटलो. त्याच यंत्राला सांगितलं, नम्र नकार लिहून दे. त्यानं सुरुवातच केली, ‘आपली मागणी समजण्यासारखी आहे.’ पुढचं मी वाचलं नाही.

नातीनं वाचलं. मोठ्यानं.

मग फोन ठेवून बांधावरच बसलो. मी किलोमागे एक रुपया वाढवायला तयार होतो, काकूंना तीन हवे होते. कापूस भिजला तर कोणाचं नुकसान, हे त्यांनी मला बोटांवर मोजून समजावलं आणि अडीचवर सोडलं. वर संध्याकाळच्या काट्यावर त्यांचाच माणूस उभा राहील, असंही कबूल करून घेतलं.