काखेत कळसा, शिबिराला वळसा

मूल रोज वर्गात असतं. हजेरीपटावर असतं, खिचडीच्या रांगेत असतं. त्याची अडचण शोधायला सरकारला मात्र वर्षातून एकदा गाडी करून यावं लागतं.

छत्तीसगडात या गाडीतल्या पथकाचं नाव 'चिरायु'. मूळ योजना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, 2013 साली आपल्या पालघरातून सुरू झालेली. जन्मजात व्यंग, आजार, पोषणातली कमतरता आणि वाढीतला विलंब या चार गोष्टी बघायच्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा. हृदयात छिद्र असलेली, ओठ दुभंगलेली मुलं यामुळे शस्त्रक्रियेपर्यंत पोचतात, तेव्हा योजनेला नावं ठेवायची नाहीत. पण वाचताना ओळ हरवते, ते स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही.

आमच्या रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या कुठल्याही शाळेतला तपासणीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. व्हरांड्यात टेबल, भिंतीवर डोळ्यांचा तक्ता, कोपऱ्यात वजनकाटा. 'नाम बोलो.' 'जीभ दिखाओ.' 'साफ दिखता है ना?' 'जी.' चला, पुढचा. शेवटच्या बाकावरचा तिसरीतला पोरगा येतो. डोळे ठीक, कान ठीक, एक दाढ किडलेली. रजिस्टरात दाढ चढते. हा पोरगा पहिलीपासून 'घर' आणि 'धर' यांत गोंधळतो, हे त्याच्या मॅडमना ठाऊक आहे, शेजारी बसणाऱ्याला ठाऊक आहे, घरी आजीलाही ठाऊक आहे. आजीचं निदान तयार असतं: 'बापावर गेलाय, बापही असाच होता. होईल नीट.' बाप नीट झाला की नाही, हे सुनेनं सासूला विचारायचं नसतं.

कायदा मात्र दणदणीत. दिव्यांगजनांच्या हक्कांचा 2016 चा कायदा 21 प्रकार मोजतो, त्यात वाचन-लेखनाची अडचणही आहे. कलम 17 म्हणतं, दर 5 वर्षांनी शाळेत जाणाऱ्या मुलांची पाहणी करा. आता गंमत बघा. ज्याला 'हमारे यहाँ नहीं चल पाएगा' म्हणून दारातूनच परत पाठवलं, तो शाळेत जात नाही. जात नाही म्हणून या पाहणीत नाही. त्याच्यासाठी वेगळा सर्वे, वेगळा तक्ता, वेगळे साहेब.

शाळेबाहेरच्या मुलांच्या बाबतीत आमचा मोहल्ला तसा नामांकित. 1877 साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त यांचं बिऱ्हाड बूढ़ापाऱ्यात आलं, सोबत 14 वर्षांचा नरेंद्र. गावात तेव्हा धड शाळा नव्हती, पोरगा दोन वर्षं वडिलांपाशीच शिकला. आजच्या तक्त्यात तो 'शाळाबाह्य' ठरला असता. पुढे तो विवेकानंद झाला, बूढ़ातालाबाला त्याचं नाव मिळालं, पाण्यात पुतळा बसला. मूल इतकं मोठं झालं की मग आम्हाला लगेच दिसतं.

अडचण असलेली मुलं ओळखायला आता ॲपही आहे. एनसीईआरटीनं 2022 मध्ये 'प्रशस्त' आणलं. पहिला भाग वर्गशिक्षकानं भरायचा, मग पुढची पडताळणी मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षकांनी करायची. कल्पना उत्तम, कारण मुलाला रोज बघणाऱ्यालाच विचारलंय. अडचण एवढीच की रोज बघणाऱ्याला मतदार यादीही बघायची असते. मुलाचं लक्ष टिकतं का, हे मॅडम भरत असतात आणि तेवढ्यात शाळा-संकुलातून फोन येतो: आधारची माहिती आजच्या आज पाठवा. लक्ष कुणाचं टिकत नाही, याची नोंद करायला ॲपमध्ये जागा नाही.

शिवाय भाषा. आमच्या मराठी घरातलं पोर घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढ़ी, वर्गात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी. अडतंय नेमकं कुठे, हे सांगायला चाचणी त्याच्या भाषेत हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची वाचनाच्या अडचणीसाठीची 'डाली' चाचणी 2015 मध्ये आली ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. म्हणजे तात्यापाऱ्यातल्या देशपांड्यांच्या नातवाची कागदावर तरी सोय झाली. छत्तीसगढ़ी बोलणाऱ्या त्याच्या मित्रानं हिंदीत अडखळायचं. ती अडचण मेंदूची की भाषेची, हे कुणी बघायचं?

अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. तिथे मुलं हुडकायची जबाबदारी कायद्यानं शाळांच्या जिल्ह्यावर टाकली आहे, आईबापांवर नाही. टेक्सासनं 2004 मध्ये यावर तोडगा काढला: विशेष शिक्षणातली मुलं साडेआठ टक्क्यांच्या आत ठेवायची, वर गेलात तर गुण कापणार. जिल्ह्यांनी आज्ञा पाळली आणि मुलं सापडेनाशी झाली. 2016 मध्ये 'ह्यूस्टन क्रॉनिकल'नं बिंग फोडलं, 2018 मध्ये तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्यानं ठपका ठेवला. बिचारे टेक्सासवाले! लेखी आकडा ठेवला म्हणून पकडले गेले. आपल्याकडे असला पुरावाच मागे राहत नाही. नीट शोधलंच नाही की टक्केवारी आपोआप आटोक्यात.

मेख इथेच आहे. सापडलेलं मूल महाग पडतं. त्याला विशेष शिक्षक लागतो. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये प्रमाणही सांगितलं: प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक, त्यापुढे 15 मुलांमागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, आधी पदं तरी जाहीर करा. किडलेली दाढ मात्र स्वस्त. एक चिठ्ठी दिली की काम झालं.

मग शोधतं कोण? आई. आधी ट्यूशनच्या सरांना विचारते, मग कुणाच्या तरी जावेच्या ओळखीतल्या डॉक्टरला, मग दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवर उभी राहते. पूर्वी गाऱ्हाणं मांडायला बूढ़ातालाबचं धरनास्थळ तरी हाकेच्या अंतरावर होतं, तेही सरकारनं नवा रायपूरकडे तूता गावी हलवलं.

तेव्हा ताई, पालकसभेत काळजी बोलून दाखवू नका, अर्ज लिहा. 'माझ्या मुलाची तपासणी करावी', खाली तारीख, सही, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. मुलाकडे दुर्लक्ष केलं म्हणून आपल्याकडे कुणाची चौकशी होत नाही. आवक झालेला कागद हरवला तर होते.